पुठ्ठ्याची चकती

डॉक्टरीणबाईंकडे पुठ्ठ्याची एक चकती असते, डर्व्हला.
शेवटच्या पाळीच्या तारखेवर बाण धरून
त्या ती फिरवतात, आणि बोटाखाली आठवडे येतात.
तुझे किती भरतील ते तुला ठाऊक आहे,
तू मोजत आलीस सगळंच,
मेंढ्या, मासळीच्या कारखान्यातले जादा तास,
धाकट्याच्या दम्याचे पफ.
तरी त्यांना मोजू दे.
बारा आठवड्यांच्या आत इथे कारण विचारत नाहीत.
कारणं द्यायची सवय जडलेली असते आपल्याला,
ती गाडीतच ठेव, छत्रीशेजारी.

आज मंगळवार. आज फक्त कागदावर सही.
मग कायद्याचे तीन दिवस.
दिवस गेलेत म्हणून आलेल्या बाईला
अजून तीन दिवस घालवायला सांगतात.
हा हिशोब कुणी बसवला विचारू नकोस,
बायकांनी नसणार.
या तिनांत मन फिरलं तुझं, तर फिरू दे.
शुक्रवारी मी गाडी काढणार नाही,
माळ्यावरून पाळणा काढीन.
नाहीच फिरलं, तर सातला तुझ्या दाराशी.
दोन्ही वेळा माझं तोंड हेच असेल.

मधल्या काळात कुणी फोनवर गोडगोड बोलून
‘थोडं थांब, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालं,
तर ठेवून दे. तो दवाखाना नसतो.

पहिली गोळी तिथेच, पाण्याबरोबर.
बहुतेक काहीच जाणवणार नाही. परतताना
तुला चिप्स खाव्याशा वाटतील,
वाटल्या तर लाजू नकोस.
दुसऱ्या दिवशी, किंवा त्याच्याही दुसऱ्या,
चार गोळ्या गालात, दोन इकडे दोन तिकडे,
अर्धा तास, खारीसारख्या धरून. चव खडूची.
दुखण्याची गोळी त्याआधीच घे.
मग कळा येतील, पाळीपेक्षा मोठ्या,
गाठी पडतील. आत्ताच सांगून ठेवते,
अंधारात नुसतं रक्त दिसत नाही, भलतंसलतं दिसतं.
गरम पाण्याची पिशवी मी आणते,
तीच, मेंढीच्या तोंडाची, एक कान शिवलेला.

आणि हे मात्र नीट ऐक.
तासाला दोन पॅड भिजायला लागले, सलग दोन तास,
किंवा ताप चढला आणि उतरेना,
तर आधी मला नाही, नर्सच्या नंबरावर.
रात्री तीनलासुद्धा तिथे कुणीतरी उचलतं.

आमच्या वेळी उचलत नव्हतं.
शहाऐंशी साली मी बोटीने लिव्हरपूलला गेले,
घरी सांगितलं, मैत्रिणीचं लग्न.
येताना बंदरावर मनुकांचा केक विकत घेतला,
पुरावा म्हणून. आईने खाल्ला,
म्हणाली, कंजूस दिसतायत, ब्रँडी कमी घातलीय.
मी हसले तिच्याबरोबर. पॅड भरत होतं.
कुणाला दाखवणार, किती म्हणजे जास्त?
पस्तावलीस का, असं विचारशील एक दिवस.
त्या केकबद्दल वाईट वाटतं मला.
आई गेली तरी सांगितलं नाही.

रडू येईल तुला, किंवा येणार नाही.
हलकं वाटेल आणि त्याचीच लाज वाटेल.
नाहीतर आठवडाभर काहीच नाही,
आणि मग दुकानात लोकरीच्या टोपीपाशी एकदम.
काहीही येवो, ते चुकीचं नाही.
काही आठवड्यांनी एक चाचणी करायची असते,
त्या देतील ती, विसरू नकोस,
तू स्वतःपुरतं नेहमी विसरतेस.
टोमासला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ.
माझ्याकडून त्याला नुसतं हवापाणी कळेल.

थांब. फिनबारच्या मेंढ्या.
निळा शिक्का त्याचाच, पाठीवर.
हॉर्न नको वाजवायला,
एक तरी नेमकी मधोमध बसते.
खिडकी उघडू का जरा? मळमळतंय?
डब्यात कोरडी बिस्किटं आहेत, सीटखाली.
जातील त्या त्यांच्या चालीने.
साडेअकराची वेळ आहे,
कासलबार अजून चाळीस मिनिटं,
आणि तू अजून काहीच ठरवलेलं नसलंस
तरी चालेल.